मदत हवी आहे: ५० मीटर प्रोनला गोळ्या वर-खाली पडतात, राउंडचा लॉट कसा निवडावा?

नमस्कार मंडळी,

रायफल शूटिंग करणारे किंवा शिकवणारे कोणी इथे असाल तर कृपया सांगा. माझी मुलगी पुण्यात ५० मीटर प्रोन (पोटावर झोपून नेमबाजी) करते. रायफल क्लबची, बोल्ट-ॲक्शन (दर गोळीला हाताने खटका ओढायची), पॉइंट टू टू (०.२२ इंची). आडवं ग्रुपिंग छान आहे, पण गोळ्या उभ्या रेषेत पसरतात. राउंडचा (काडतुसांचा) नवा लॉट, म्हणजे एका खेपेत बनलेला माल, सुरू केल्यापासून हे वाढलंय.

मी थोडा हिशेब केला. मॅच राउंडचा वेग सेकंदाला साधारण ३२५ ते ३३० मीटर, म्हणजे आवाजापेक्षा कमी. ५० मीटर जाईपर्यंत गोळी सुमारे १२ सेंटिमीटर खाली येते. दोन राउंडच्या वेगात सेकंदाला १० मीटरचा फरक असला तर टार्गेटवर ७ मिलिमीटरचा फरक पडतो. दहाचं वर्तुळच १०.४ मिलिमीटरचं! दशांशात गुण मोजतात तिथे एका गोळीमागे जवळजवळ एक गुण जातो. पोरगी रोज पहाटे उठून जाते हो, तिचे गुण राउंडमुळे जात असतील तर फार वाईट वाटतं.

क्लबात एकाने सुचवलं, हाय व्हेलॉसिटी (जास्त वेगाचे) राउंड घ्या. दुसरा म्हणाला, राउंड उघडून आतली दारू (बारूद) मोजून पुन्हा भरा, अमेरिकेत लोक घरी भरतात. हे मला पटत नाही, पण कारण नीट सांगता येत नाही. शिवाय स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्य जिंकल्यापासून रेंजवर गर्दी आहे, लॉट तपासायला निवांत लेन मिळत नाही. कमीत कमी गोळ्यांत लॉट कसा पारखायचा?

प्रतिसाद

ताई, राउंड उघडण्याचा विचार मनातूनही काढून टाका. अमेरिकेत घरी भरतात ती सेंटरफायर काडतुसं, त्यांच्या बुडाच्या मध्यावरची, बारूद पेटवणारी टोपी बदलता येते. पॉइंट टू टूमध्ये पेटणारं रसायन केसच्या (पितळी नळीच्या) रिममध्ये, म्हणजे बुडाच्या कडेतच असतं आणि एकदा रायफलची पिन बसली की रिम चेपते, म्हणून ती केस पुन्हा वापरता येत नाही. न उडवलेला राउंड उचकटणं तर सरळ धोक्याचं. आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस बनवणं १९५९ च्या शस्त्र कायद्याने गुन्हाही आहे.

हाय व्हेलॉसिटीही नको. ती गोळी आवाजाच्या वेगाच्या वर निघते आणि लगेच मंदावू लागते. आवाजाच्या वेगाच्या आसपास हवेचा अडथळा एकदम वाढतो, म्हणून बाजूच्या वाऱ्यात ती संथ गोळीपेक्षा जास्त सरकते. वेग जास्त म्हणून वारा कमी लागेल, हा समज चुकीचा आहे.

आधी दोष राउंडचा की श्वासाचा ते ठरवा. प्रोनमध्ये श्वास अर्धवट असताना ट्रिगर सुटला तरी गोळ्या अशाच उभ्या पसरतात. रायफल शिकंज्यात बांधून त्याच लॉटचे दहा-दहा गोळ्यांचे तीन-चार ग्रुप घ्या. पाच गोळ्यांचा ग्रुप फसवतो. ब्रँड बदललात तर पहिल्या काही गोळ्या मोजू नका, कारण शिशावरच्या मेणाचा थर नळीत नव्याने बसावा लागतो. वेगवेगळे लॉट एकाच सकाळी तपासा, गरमीत दारू वेगळी जळते.

शिकंज्यातही उभं पसरलं तर लॉट बदला. चांगला निघाला तर त्याच नंबरचे डबे हंगामभराचे एकदम घ्या, नंतर तो लॉट मिळत नाही. तिच्या टार्गेट कार्डांचे फोटो इथे टाका, श्वासाचं काही आहे का ते पाहून सांगतो.