मदत हवी आहे: स्प्रेडशीटमधले मोकळे ठेवलेले सेल आपोआप लॉक होतायत

खाडाखोड
शीट प्रोटेक्ट केली आहे. भरायचे सेल मोकळे, बाकी सगळे लॉक. तरी दर आठवड्याला कोणीतरी येतंच, "अमुक सेल काही घेत नाहीये." बघावं तर खरंच तो लॉक झालेला. मी केलेला नाही! पासवर्ड माझ्याशिवाय कोणाकडे नाही. आज परत तीन सेल गेले. उद्या सकाळी फाइल पुढे पाठवायची आहे, जाणकारांनी लवकर सांगा.

गुणाकार
सोपं आहे. मुळात प्रत्येक सेल लॉकच असतो, फक्त शीट प्रोटेक्ट करेपर्यंत ते जाणवत नाही. म्हणून आधी कंट्रोल ए, मग कंट्रोल 1, प्रोटेक्शन टॅबवरची लॉक्डची टिक काढा. मग एफ 5, स्पेशल, फॉर्म्युलाज. एका झटक्यात सगळी सूत्रं निवडली जातात. तेवढ्यांना टिक परत द्या आणि रिव्ह्यूमधून प्रोटेक्ट शीट. झालं.

खाडाखोड
अहो, हे सगळं केलंय. वर तेच तर लिहिलंय.

मुक्तछंद
कुठलं सॉफ्टवेअर ते मात्र लिहिलेलं नाही. लिब्रे ऑफिसमध्ये प्रोटेक्ट शीट टूल्स मेनूत असतं.

खाडाखोड
एक्सेल हो. दुसरं काय असणार?

मुक्तछंद
दुसरंही असतं जगात. असो.

ढगफुटी
ही कटकट हवीच कशाला? गूगल शीट्सवर या. डेटा मेनूत प्रोटेक्ट शीट्स अँड रेंजेस. पासवर्डची भानगडच नाही, कुठला पट्टा कोण बदलू शकेल ते माणसागणिक ठरवायचं. कोणाला अडवायचं नसेल तर नुसता इशारा दाखवायचीही सोय आहे.

गुणाकार
उद्या सकाळी फाइल द्यायचीय त्यांना, बिऱ्हाड नाही हलवायचं.

नवशिकी
मधेच विचारते, प्रोटेक्ट करताना सॉर्टला टिक दिली तरी सॉर्ट का होत नाही?

शून्यशेष
पासवर्ड कोणाकडे नाही या भ्रमात राहू नका. शीटचं प्रोटेक्शन म्हणजे दाराची कडी, तिजोरी नव्हे. एक्सेलची फाइल आतून झिपच असते. ती उलगडून प्रोटेक्शनची एक ओळ उडवली की कुलूप गळून पडतं. खरं संरक्षण हवं तर फाइल, इन्फो, प्रोटेक्ट वर्कबुक, एन्क्रिप्ट विथ पासवर्ड.

गुणाकार
कुलूप तोडल्याची तक्रार कुठे आहे? इथे उलटं चाललंय, कुलूप आपोआप लागतंय. आणि एक्सेल 2013 पासून हॅश, म्हणजे फाइलमध्ये साठवलेला पासवर्डचा ठसा, चांगला भक्कम केलाय मायक्रोसॉफ्टने.

शून्यशेष
हॅश कितीही भक्कम असू द्या, ती ओळच खोडली तर तपासणार काय?

जुना_खिळा
तुमचं चालू द्या. खाडाखोड, दोन गोष्टी सांगा. एक, ते सेल पहिल्यांदा भरता येतात आणि नंतर दुरुस्त करताना अडतात, की रिकामे असतानाच अडतात? दोन, लोक त्यात टाइप करतात की दुसरीकडून आणून चिकटवतात?

खाडाखोड
रिकामे असताना नाही. आजच्या तिन्ही सेलमध्ये आकडे आहेत, ते बदलायला गेलं की प्रोटेक्टेड शीटचा निरोप येतो. चिकटवतात का ते माहीत नाही. त्याचा काय संबंध?

जुना_खिळा
सगळा संबंध तोच. साधं पेस्ट केलं की आकड्याबरोबर रंग, फॉन्ट, किनार सगळं येतं, आणि लॉक्डची टिकही त्याच सामानात असते. नव्या कोऱ्या फाइलमधले सेल लॉक्डच असतात हे गुणाकारांनी सांगितलंच आहे. तिथून सेल कॉपी करून तुमच्या मोकळ्या सेलवर चिकटवला की आकडा बसतो आणि मागून दार लागतं. फॉरमॅट सेल्सची परवानगी दिलेली नसली तरी हे होतं. सेलमध्ये एफ 2 दाबून मग चिकटवलं तर नाही होत.

गुणाकार
हे मला माहीत नव्हतं. मग डेटा व्हॅलिडेशन, म्हणजे सेलमध्ये काय भरता येईल याचा नियम, लावून अडवता येईल?

जुना_खिळा
नाही. साध्या पेस्टने व्हॅलिडेशनच पुसलं जातं.

खाडाखोड
बघितलं. तिन्ही सेलचा फॉन्ट खरंच वेगळा आहे, इतके दिवस नजरेत आलं नव्हतं. आणि मागच्या आठवड्याची शिल्लक त्या रकान्यात मीच माझ्या कच्च्या फाइलमधून आणून टाकतो. आता उपाय सांगा.

जुना_खिळा
आजपुरतं: अनप्रोटेक्ट, भरायचा पूर्ण पट्टा निवडून लॉक्डची टिक काढा, परत प्रोटेक्ट. पुढे फक्त व्हॅल्यूज चिकटवायच्या: कंट्रोल ऑल्ट व्ही, मग व्ही, एंटर. कट तर अजिबात नको, ज्या सूत्रांत त्या सेलचा पत्ता आहे ती बिघडतात. पहारा हवा असेल तर दुसऱ्या शीटवर सेल हे फंक्शन वापरा. त्याला प्रोटेक्ट हा शब्द अवतरणात आणि सेलचा पत्ता दिला की लॉकला 1, मोकळ्याला 0 येतं. नुसती टिक बदलून आकडा ताजा होत नाही, एफ 9 दाबा.

ढगफुटी
यापेक्षा गूगल शीट्स...

खाडाखोड
चाललं! आकडे बदलता येतायत. पट्टा तपासला तर तीन नाही, अकरा सेल बंद होते. आभार.

नवशिकी
माझं सॉर्ट राहिलंच.

जुना_खिळा
निवडलेल्या पट्ट्यात एकही लॉक सेल असला तरी सॉर्ट होत नाही, टिक असली तरी. तुमच्या पट्ट्यात सूत्रांचा रकाना आहे का?

नवशिकी
हो, शेवटचा.