सावरीचा कापूस की म्हातारी?

माझी मावसबहीण डेन्व्हरला असते, तिनं जूनच्या सुरुवातीला व्हिडिओ पाठवला, रस्ताभर पांढरं काहीतरी तरंगतंय, फुटपाथच्या कडंला ढीग साठलेत, आणि विचारलं, दादा ह्याला मराठीत काय म्हणायचं? झाड कॉटनवूडचं. मी लगेच 'कापूस' लिहून पाठवलं पण दिवसभर मनाला काही ते पटेना.

कारण आमच्या कोल्हापुरात हवेत उडतं ती म्हातारी. रुईचं फळ उकललं की तपकिरी चपटं बी आणि त्याच्या टोकाला रेशमासारखा पांढरा झुबका, फुंकर मारली की म्हातारी उडाली, पोरं तिच्यामागं. काटेसावरीचं जरा वेगळं आहे (संस्कृतातली शाल्मली ती हीच). फेब्रुवारी-मार्चात लालभडक फुलं, मग एप्रिल-मेमध्ये बोंडं फुटतात आणि पन्हाळ्याकडं जाताना रस्त्यावर पांढरं पांढरं दिसतं. हा कापूस गुळगुळीत, तंतू आखूड, त्यामुळं सूत निघत नाही, म्हणून उशीत भरायचा. आत्तीनं मागं उशी उसवली होती तेव्हा मी बघितलं, काळ्या मिरीएवढं बी कापसात नुसतं मोकळं पडलेलं, सरकीसारखं चिकटलेलं नाही. सावरीचे तंतू बोंडाच्या आतल्या सालीला येतात, बियाला नाही.

मी आत्तीलाच विचारलं, ह्याला कापूस म्हणायचं का म्हातारी? ती म्हणाली, "आरं, बोंडात हाय तवर कापूस, वाऱ्यावर सुटली की म्हातारी." मला तरी ह्याहून नेमकं काही सुचत नाही.

कुणी विचारेल की मग कॉटनवूडला सावर म्हटलं तर चालेल का. माझ्या मते नको. ते पॉप्लरच्या जातीतलं झाड, आपल्याकडं नदीकाठी वाळुंज असतं त्याच्या कुळातलं, सावरीशी काही नातं नाही. त्यात नर-मादी झाडं वेगळी, पांढरं उडतं ते फक्त मादी झाडाचं, आणि बी इतकं बारीक की केसांसकट लांबवर जातं. म्हणजे गुणानं ती रुईसारखी म्हातारीच झाली की.

अजून एक, कापूस मोजता येत नाही, म्हातारी येते. एक म्हातारी खिडकीतनं आत आली, दहा म्हाताऱ्या अंगणात उतरल्या असं आपण सहज बोलतो. त्यामुळं बहिणीला शेवटी लिहिलं, हवेत आहेत त्या म्हाताऱ्या, फुटपाथच्या कडंला साठलाय तो कापूस म्हण.

चंदगड, गडहिंग्लजकडची मंडळी ह्याला काय म्हणतात? तिकडं वेगळा शब्द असेल तर नक्की लिहा, मला पाहिजे आहे.