सोलापूरच्या मे महिन्यात दुपारी काय वाचावं?

प्रश्न: बारा ते पाच बाहेर पाऊल टाकवत नाही. खिडकीला ओली चादर लावून आई आणि मी फरशीवर आडव्या होतो. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, म्हणून मी मोठ्यानं वाचते. कानाला गोड लागेल असं काहीतरी सुचवा. फार जाडजूड नको.

उत्तर: ताई, लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' घ्या. जाड आहे खरं, पण शेजारची आजी ओट्यावर बसून बोलतेय असंच वाटतं. पहिला भाग 1934 चा, भाषा मात्र अजून ताजी. माझ्या आईला तर मधेच थांबू देववेना, "पुढं काय झालं गं?" चालूच.

उत्तर: व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' वाचा. छोटी आहे, तीन-चार दुपारीत होते. मेंढरं, धनगर, नवा मास्तर. माणदेश आपल्या सांगोल्याकडचाच, त्यामुळं बोली ओळखीची वाटेल. शेवटी दुष्काळ पडतो. ती पानं ऊन उतरल्यावर वाचा.

उत्तर: मी दर उन्हाळ्यात प्रभाकर पेंढारकरांचं 'रारंग ढांग' काढतो. हिमालयात रस्ता बांधणाऱ्यांची गोष्ट. बाहेर त्रेचाळीस, आणि पानात कडाक्याची थंडी!

प्रश्नकर्ती: 'बनगरवाडी' आजच आणली. मेंढरांचं वर्णन आलं तशी आई उठून बसली, माहेरच्या वाड्याचं सांगत राहिली. पाच पानंच झाली.