नोंद आणि नाडी

यंत्रे आली आणि परिचारिका माहिती भरणारी कारकून झाली, हे अनेकदा मांडले जाणारे मत मला अर्धेच पटते. नोंद हे परिचर्येला बाहेरून चिकटलेले काम नाही. क्रिमियाच्या युद्धातील सैनिकांच्या मृत्यूंची कारणे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५८ साली आकृतीतून मांडली, तेव्हा जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनी अधिक माणसे दगावली, हे नोंदींमुळेच दिसले.

तक्रार खरी आहे ती दुहेरी नोंदीबद्दल. रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या भागात आरोग्यसेविका गरोदर मातेची माहिती आधी नोंदवहीत लिहिते, मग टॅबमध्ये भरते, आणि पावसाळ्यात वाडीवर रेंज नसली की तेच काम रात्री घरी घेऊन बसते. तो वेळ खरे तर त्या मातेचा असतो.

मात्र विंचूदंशाचा रुग्ण आला की या पेशाची ओळख कशात आहे ते कळते. मॉनिटर नाडीचे ठोके आणि रक्तदाब दाखवतो. पण हातपाय गार पडले आहेत, अंगाला दरदरून घाम सुटला आहे, हे रुग्णाला हात लावल्यावरच समजते. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपचार रूढ केला. ते औषध वेळेवर मिळणे महत्त्वाचे, आणि ती वेळ प्रथम ओळखणारी व्यक्ती बहुधा परिचारिकाच असते. ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवरून दूरच्या डॉक्टरांचा सल्ला घेताना तर रुग्णाजवळ अनेकदा तीच एकटी असते, म्हणून तिचे निरीक्षण तिच्या नावानिशी नोंदले गेले पाहिजे.