हायड्रोजन, बॅटरी, सौर, पवन: तुलना कोणत्या निकषावर करावी?

प्रश्न:
पर्यायी ऊर्जेवरचे लेख वाचताना माझा गोंधळ वाढत जातो, कारण कुठे कार्यक्षमतेची टक्केवारी दिलेली असते, तर कुठे प्रतिकिलो ऊर्जा. एक किलो हायड्रोजनमध्ये सुमारे ३३ युनिट ऊर्जा असते, म्हणजे पेट्रोलच्या जवळजवळ पावणेतीनपट. मग वाहनांसाठी बॅटरीपेक्षा हायड्रोजनच सरस का मानू नये?

उत्तर १:
हायड्रोजन हा ऊर्जेचा स्रोत नसून वाहक आहे, हे आधी लक्षात घ्यावे. पाण्याचे विघटन करून तो एक किलो मिळवायला साधारण ५० ते ५५ युनिट वीज लागते, ७०० बार, म्हणजे हवेच्या सुमारे ७०० पट, दाबाने टाकीत भरताना आणखी काही वीज खर्च होते, आणि गाडीतला फ्युएल सेल (हायड्रोजनपासून वीज बनवणारे उपकरण) त्या ३३ युनिटांपैकी जेमतेम निम्मी वीज परत देतो. म्हणजे मूळ विजेचा तिसरा हिस्साही चाकांपर्यंत पोहोचत नाही. तीच वीज थेट बॅटरीत भरली, तर तिचा बहुतांश भाग कामी येतो. मोटारीपुरता तरी हा प्रश्न मला निकालात निघालेला वाटतो.

उत्तर २:
मोटारीपुरते मान्य आहे. परंतु लिथियम बॅटरीत किलोमागे जेमतेम पाव युनिट साठते आणि डिझेलमध्ये सुमारे १२, त्यामुळे लांब पल्ल्याच्या विमानांना आणि मालवाहू जहाजांना बॅटरीचे वजन पेलत नाही. शिवाय खतांसाठी लागणाऱ्या अमोनियाला हायड्रोजन हा कच्चा माल म्हणूनच हवा असतो. मात्र आज तो प्रामुख्याने नैसर्गिक वायू आणि कोळशापासून बनतो, हे विसरून त्याला सरसकट स्वच्छ म्हणणे मला पटत नाही.

उत्तर ३:
वीजनिर्मितीत टक्केवारीपेक्षा वेळ महत्त्वाची आहे. सौर पॅनेलची कार्यक्षमता २० ते २३ टक्केच असते, अशी तक्रार होते. पण ऊन फुकट असल्याने त्या आकड्यावरून फार तर जागा किती लागेल एवढेच ठरते. खरी अडचण मी घरच्या इन्व्हर्टरवर रोज पाहतो: भर दुपारी एखादा ढग आला, की तीन किलोवॅटचा आकडा मिनिटभरात अर्ध्यावर येतो. वाऱ्याचे गणित त्याहून कठोर आहे, कारण त्याची शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते आणि वेग निम्मा झाला, तर शक्ती एक अष्टमांश उरते. म्हणून ओल्या कचऱ्यापासून मिळणारा बायोगॅस प्रमाणाने थोडा असला, तरी मला मोलाचा वाटतो, कारण तो साठवून रात्री इंजिन चालवता येते.