घरी जाऊन आई-मुलाचं निरीक्षण करताना मार्क कसे द्यायचे?

गोवंडीची_ताई
नमस्कार, मी गोवंडीत तीन वर्षांखालच्या मुलांच्या घरी व्हिजिटला जाते. आत्तापर्यंत आम्ही आयांना विचारून फॉर्म भरायचो, मुलाशी बोलता का, खेळता का, आणि सगळ्याच हो म्हणतात, नाही कोण म्हणेल! आता वरून सांगितलंय की प्रत्यक्ष बघून स्कोर लिहा. पण दहा बाय दहाची खोली, एका कोपऱ्यात जरीचं काम चाललेलं, शेजारीण दारात उभी, आणि आई मला बघून एकदम गप्प होते नाहीतर पोराला म्हणते ताई आल्यात, एबीसीडी बोलून दाखव. यात मार्क कशाला द्यायचे? पाण्यासाठी रांग लावून दमून आलेल्या बाईच्या नावापुढे ‘कमी’ लिहायचं मला अजिबात पटत नाही. कोणी असं निरीक्षण केलंय का?

बालविकास_दादर
पिकोलो नावाचं टूल आहे ते बघा, युटा स्टेट युनिव्हर्सिटीच्या लोकांनी बनवलंय, अमेरिकेत अर्ली हेड स्टार्ट म्हणून गरीब कुटुंबांसाठी प्रोग्राम आहे त्याच्या अभ्यासात पालक-मुलांचे जे व्हिडिओ जमले होते त्यावरून. साधारण 10 ते 47 महिन्यांच्या मुलांसाठी आहे. दहाएक मिनिटं दोघांना खेळू द्यायचं आणि 29 गोष्टी बघायच्या, त्यांचे चार गट: माया, प्रतिसाद, प्रोत्साहन आणि शिकवणं. दिसलंच नाही तर 0, ओझरतं दिसलं तर 1, स्पष्ट किंवा सारखं दिसलं तर 2.

मला यातलं सगळ्यात आवडतं ते हे की आई काय चुकली ते लिहायला त्यात जागाच नाही, सगळ्या 29 गोष्टी चांगल्याच आहेत. 0 चा अर्थ एवढाच की त्या वेळात ते दिसलं नाही. तुमच्या एबीसीडीवाल्या आईचंच घ्या. ती म्हणाली बोलून दाखव, ठीक आहे, पण त्यानंतर काय झालं ते बघा. पोरगं गप्प राहिलं तर ती थांबली का, की लगेच स्वतःच ए फॉर ॲपल सुरू केलं? पोराने मधेच चमचा उचलून डब्यावर वाजवला तर ती त्याच्याकडे वळली का, काही बोलली का? सूचना दिल्यावर मुलाच्या उत्तराची वाट बघणं ही त्यातली एक वेगळी गोष्टच आहे, आणि नवीन माणसाच्या नजरेतून नेमकी तीच निसटते कारण थांबणं म्हणजे काहीच न करणं असं आपल्याला वाटतं.

सेविका_मालवणी
ताई पहिल्या व्हिजिटला स्कोर लिहूच नका. आधी ओळख होऊ दे, घरात कोणती भाषा बोलतात ते बघा, हिंदी-उर्दू घरात मराठी निरीक्षक बसवला तर मायेचे अर्धे शब्द त्याला कळणारच नाहीत. खेळणी नेऊ नका, वाटी-चमचा, डबे, ओढणी पुरे. 2024 ला केंद्र सरकारने नवचेतना नावाचा आराखडा आणलाय ना, तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी, त्यातसुद्धा घरातल्या वस्तूंचे खेळ आहेत. अजून एक, मूल दिवसभर कोणाकडे असतं ते आधी विचारा, आजीकडे असेल तर आजीलाही बसवा. शेजारणीला मी सरळ सांगते मावशी, दहा मिनिटांनी या.

अंधेरी_ईस्ट
टूल चांगलंय पण जपून वापरा. ते गोऱ्या, आफ्रिकन आणि लॅटिनो अमेरिकन कुटुंबांवर तपासलंय, तिथला ‘कमी स्कोर’ उचलून आपल्या वस्तीत लावू नका. आपल्याकडे खेळणी मांडून समोर बसायची पद्धत सगळीकडे कुठे असते? पण मालिश करताना बाळाशी गप्पा मारतात, हा घास चिऊचा हा घास काऊचा करत भरवतात, त्यात माया पण आहे आणि शिकवणं पण. मी तर म्हणेन भरवतानाचं निरीक्षण वेगळं लिहून ठेवा, खेळाच्या स्कोरमध्ये मिसळू नका. होम इन्व्हेंटरी म्हणून अजून एक जुनं टूल आहे, लहान मुलांच्या फॉर्ममध्ये 45 प्रश्न, पण त्यात घरात खेळणी काय आहेत, पुस्तकं काय आहेत तेही मोजतात, म्हणजे तिथे गरिबी थेट मार्कात उतरते. आई काय करते आणि आईकडे काय आहे या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायलाच पाहिजेत.

गोवंडीची_ताई
खूप छान सांगितलंत सगळ्यांनी. पण ऑफिसला आकडे पाहिजेत, आणि मी 2 देते तिथे माझी जोडीदार 1 देते, त्याचं काय करू?

बालविकास_दादर
आईची परवानगी घेऊन मोबाइलवर शूट करा, दोघींनी एकमेकींना न विचारता स्कोर द्या, मग फरक पडला तिथे व्हिडिओ परत लावून भांडा. बहुतेक जागी जुळायला लागलं की मगच ऑफिसला आकडे पाठवा, आणि कुटुंबाचं नाव घालून नको, त्याच कुटुंबाचा आधीचा आणि नंतरचा स्कोर कोड नंबरवर. घरांची एकमेकांशी तुलना तर नकोच नको.

सेविका_मालवणी
आणि तो व्हिडिओ आईलाच दाखवा ना! जिथे पोराने बघितलं आणि ती हसली तिथे थांबवून विचारा, इथे बाळाला काय वाटलं असेल. बायका लगेच बोलायला लागतात. नंतर क्लिप डिलीट करायची की ठेवायची तेही तिलाच ठरवू दे, ग्रुपवर तर अजिबात टाकू नका.