खिडकीतली फुलझाडे आणि कागदाचा उजेड

जलरंगात घराचा अंतर्भाग रंगवला की चित्र फिके पडते, असे काही जण म्हणतात. मला ते मुळीच पटत नाही. स्वीडिश चित्रकार कार्ल लार्सन यांनी १८९०च्या दशकात सुंडबोर्न येथील आपल्या घराची जी जलरंगचित्रे काढली, त्यांपैकी खिडकीतल्या फुलझाडांचे चित्र सावकाश पाहावे. खिडकीत कुंड्या ओळीने मांडल्या आहेत आणि हातात झारी घेतलेली मुलगी त्यांना पाणी घालते आहे. बारीक, ठाम रेषेने प्रत्येक वस्तू बांधून घेतल्यामुळे रंग पातळ ठेवूनही आकार विरघळत नाहीत, आणि उजेड तर पारदर्शक रंगाखालच्या कागदातूनच येतो. त्या खोल्यांच्या सजावटीत व विणकामात त्यांच्या पत्नी कारिन यांचा मोठा वाटा होता, याचाही उल्लेख इथे करायलाच हवा.